वाई ते सांगली: कृष्णाकाठची मंदिरं आणि राजवाडे एकत्र का पाहायला हवेत?

नेपाळला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन उघडा. पाटण किंवा भक्तपूरच्या दरबार चौकातला एक तरी फोटो सापडेल. एका बाजूला राजवाडा, समोर फरसबंद मोकळी जागा आणि तिच्यात दाटीनं उभी असलेली देवळं. राजा, देव आणि बाजार एकाच नजरेत मावतात.

युनेस्कोनं १९७९ मध्ये काठमांडू खोऱ्याला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा एखादं मंदिर किंवा एखादा राजवाडा निवडला नाही. तीन दरबार चौक, दोन स्तूप आणि दोन मंदिर परिसर, असे सात भाग मिळून एकच वारसास्थळ मानलं गेलं. कारण ही सगळी ठिकाणं एकमेकांशिवाय नीट समजत नाहीत.

असं खोरं आपल्याकडेही आहे. वाईपासून साताऱ्यामार्गे सांगलीपर्यंत, कृष्णेच्या काठानं रस्त्यानं साधारण दीडशे किलोमीटर. आपण मात्र ते तुकड्यातुकड्यांत पाहतो. महाबळेश्वरला जाताना वाईचा गणपती, कामासाठी साताऱ्यात उतरलो तर राजवाडा, नातेवाईक असतील तर सांगली. हे तुकडे जोडले की काय दिसतं आणि ते जोडणं आज का गरजेचं आहे, ते समजून घेऊ.

घाट, देऊळ, वाडा: त्रिकूट कसं तयार झालं?

अठराव्या शतकात या खोऱ्यात पैसा आला तो दोन वाटांनी. एक म्हणजे सातारा ही छत्रपतींची राजधानी होती. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांना अजिंक्यताऱ्यावर राज्याभिषेक झाला. पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी पेठा वसल्या आणि गाव वाढत गेलं. दुसरी वाट म्हणजे सरदार आणि सावकार घराणी. रास्ते, पंतप्रतिनिधी, पटवर्धन, फडणवीस ही नावं या काठावर पुन्हा पुन्हा भेटतात.

या लोकांनी बांधलेल्या गोष्टींचा साचा जवळपास ठरलेला होता. नदीवर दगडी घाट, घाटाच्या वर देऊळ आणि जवळपास राहायचा वाडा. घाटावर गाव आंघोळीला, पाण्याला, दशक्रियेला यायचं. देवळात उत्सव आणि कीर्तन व्हायचं. वाड्यात हिशेब, न्यायनिवाडा आणि राजकारण चालायचं.

एक फरक लक्षात ठेवा. नेपाळमध्ये चौक राजवाड्याच्या बाहेर असतो. मराठा वाड्यात तो आत असतो, चारही बाजूंनी खोल्या आणि मधे उघडं आकाश. त्यामुळे आपल्याकडे ‘राजचौक’ शोधायचा तर दिंडी दरवाजातून आत जावं लागतं आणि सार्वजनिक मोकळी जागा शोधायची तर बहुतेक वेळा घाटावर उतरावं लागतं.

वाई: पुराशी बोलणारं देऊळ

वाईत कृष्णेवर सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. एकेक आळी आणि तिचा घाट. म्हणजे गावाची रचनाच नदीनं आखली आहे.

इथलं सर्वात प्रसिद्ध देऊळ म्हणजे ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. आतली मूर्ती एकाच दगडातली आहे आणि तिच्या आकारावरूनच हे नाव पडलं. पण दर्शन घेऊन लगेच परत फिरू नका. देवळाच्या मागच्या बाजूला जा.

मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती आहे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढतं तेव्हा वरून येणारा लोंढा या टोकावर आदळून दोन बाजूंना फुटतो आणि देवळावर सरळ मार बसत नाही. नदीला अडवण्याऐवजी तिला वाट करून देणारी ही भिंत अडीचशे वर्षांहून जास्त काळ उभी आहे.

शेजारीच काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे. तेही रास्ते घराण्याचंच काम. त्याच्यासमोरचा काळ्या दगडातला गुळगुळीत नंदी आणि दीपमाळ पाहण्यासारखी आहे. रास्त्यांकडे एवढी ताकद कुठून आली, असा प्रश्न पडेल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या माहेरवाशीण. पेशव्यांशी सोयरीक आणि सावकारी, या दोन्हींचा ठसा वाईच्या दगडांवर आहे.

हिवाळ्याच्या अखेरीस वाईत आलात तर कृष्णाबाईचा उत्सव बघायला मिळेल. वेगवेगळ्या घाटांवर आळीपाळीनं नदीला देवी म्हणून बसवलं जातं. घाट कशासाठी बांधले होते, ते तेव्हा सांगावं लागत नाही.

मेणवली: वाडा, दप्तर आणि वसईची घंटा

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली आहे. ‘स्वदेस’ या २००४ च्या सिनेमात हा घाट दिसला आणि पर्यटक वाढले. पण मेणवलीची खरी ओळख म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा.

उत्तर पेशवाईतला सगळ्यात मुरब्बी मुत्सद्दी म्हणजे नाना. त्यांचा हा वाडा सहा चौकांचा आहे. लाकडी खांब, जाड भिंती, काही भागांत भित्तिचित्रं. एका चौकातून दुसऱ्यात जाताना लक्षात येतं की बाहेरच्या माणसाला कुठपर्यंत येऊ द्यायचं, हे इथल्या रचनेनंच ठरवलं आहे. कारभार पुढच्या चौकांत, घर मागच्या चौकांत आणि मागचा दरवाजा थेट घाटाकडे.

घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या बांधकामात मोठी घंटा टांगलेली दिसते. ती पोर्तुगीज आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चर्चमधल्या अनेक घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत लावल्या गेल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक.

या वाड्यातून गेलेली एक गोष्ट मात्र आज तिथे दिसत नाही, ती म्हणजे नानांचं दप्तर. इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांच्यामुळे ते अभ्यासकांसमोर आलं. पारसनीसांचा संग्रह साताऱ्यातल्या संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. म्हणजे भिंती मेणवलीत आणि त्या भिंतींमध्ये काय घडलं त्याचे कागद पुण्यात.

लिंब: जमिनीखालचा राजवाडा

साताऱ्याकडे येताना महामार्ग सोडून लिंब गावाकडे वळलात की शेतांमध्ये बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या राणीवशातल्या वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६, म्हणजे साधारण १७१९ ते १७२४.

मोट म्हणजे बैलांच्या जोरावर विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी ही विहीर मोठी. मुख्य भाग अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाचा. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा दिसतो. पायऱ्या उतरत गेल्यावर मधल्या पुलासारख्या भागात कोरीव खांबांचा छोटा महाल लागतो. आमराईला पाणी देणाऱ्या विहिरीत बसण्या-उठण्याची दरबारी सोय, असं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

विहीर बघताना कठड्यावर चढू नका. हा इशारा सगळ्याच जुन्या विहिरींना लागू आहे.

सातारा: राजवाडा, अदालत आणि एक शाळा

साताऱ्यात ‘राजवाडा’ म्हटलं की आज अनेकांना चौपाटी आठवते. संध्याकाळी गाड्यांवर भेळ-पावभाजी, बाजूला कंदी पेढ्यांची दुकानं, गांधी मैदानावर सभा. दरबार चौकाला सर्वात जवळ जाणारी जागा या सगळ्या पट्ट्यात हीच.

इथे शेजारी शेजारी दोन वाडे आहेत. जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४ चा. नवा राजवाडा त्यांचे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांच्या काळातला. या दोन वाड्यांमधलं अंतर काही पावलांचं, पण त्यात एका राज्याचा शेवट आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर कायम ठेवलं. त्यांनी रस्ते, पाणीपुरवठा, शिक्षण यांत लक्ष घातलं. पण १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांच्यावर कटाचे आरोप ठेवून पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे चौदा वर्षं झगडले. उपयोग झाला नाही. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. १८४८ मध्ये आप्पासाहेबांचाही मृत्यू झाला आणि औरस वारस नाही, असं कारण देऊन इंग्रजांनी राज्य खालसा केलं.

जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यात ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो, तो याच प्रवेशामुळे. एका राजाचा वाडा शाळा झाला आणि ज्या समाजाला अशा वाड्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं जायचं, त्याच समाजातला मुलगा तिथे शिकला. साताऱ्याचा राजवाडा पाहायचं हे एक कारण पुरेसं आहे.

संगम माहुली: राजघराण्याचा शेवटचा घाट

साताऱ्याच्या पूर्वेला सुमारे पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा भेटतात. एका काठावर संगम माहुली, दुसऱ्यावर क्षेत्र माहुली. पेशवाईतले निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे इथले.

इथल्या देवळांत विश्वेश्वराचं देऊळ सर्वात देखणं. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी ते १७३५ च्या सुमारास बांधलं. खाली घडीव काळा दगड आणि वर विटा-चुन्याचं शिखर, ही मराठा काळातल्या देवळांची नेहमीची पद्धत. पाया आणि भिंती पाण्याशी झुंजणार म्हणून दगडाच्या, वरचा भाग हलका आणि नक्षी करायला सोपा म्हणून विटांचा. हे एकदा समजलं की वाई ते सांगली प्रत्येक देऊळ वेगळ्या नजरेनं दिसतं.

माहुली ही सातारच्या राजघराण्याची अंत्यसंस्काराची जागा. संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई यांची समाधी इथेच आहे. १६८९ ते १७१९ अशी तीस वर्षं त्या मोगलांच्या कैदेत होत्या. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, त्यांचीही समाधी इथलीच. जवळच एका कुत्र्याची समाधी दाखवली जाते. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवणारा लाडका कुत्रा तो, असं इथे सांगितलं जातं.

सांगली आणि तासगाव: पटवर्धनांचा काठ

माहुलीहून नदी कऱ्हाडला येते. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून हा ‘प्रीतिसंगम’. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पुढे सांगली जिल्हा लागतो आणि पटवर्धनांचा मुलूख सुरू होतो.

पटवर्धनांचं कुलदैवत गणपती, त्यामुळे या भागातली त्यांची मोठी देवळं गणपतीची. तासगावचं देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं. त्याचं सात मजली गोपुर लांबूनच दिसतं. महाराष्ट्रात दाक्षिणात्य गोपुर कसं? परशुरामभाऊंची बरीच कारकीर्द कर्नाटकातल्या मोहिमांत गेली. तिथे पाहिलेलं त्यांनी गावी आणलं. गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी तासगावात रथोत्सव होतो. हजारो लोक दोरांनी रथ ओढत काशी विश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात आणि परत आणतात.

सांगली संस्थान १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळं झालं. पहिले अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. त्यांनी गणेशदुर्ग हा भुईकोट उभारला आणि नदीकाठी गणपती मंदिर बांधायला घेतलं. मंदिराचं काम १८४० च्या दशकापर्यंत चाललं. काळा दगड ज्योतिबाच्या डोंगरातून आणला गेला. हे ‘पंचायतन’ आहे, म्हणजे मधे मुख्य देव गणपती आणि भोवती शिव, सूर्य, देवी आणि लक्ष्मीनारायण अशी चार देवळं. पाचही पंथांचे भक्त एकाच आवारात यावेत, अशी ही योजना.

सांगलीच्या राजवाड्याचं नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेलं आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणरावांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ हे नाटक इथे सादर केलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो तो त्यामुळे. जवळच कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. संगमेश्वराचं जुनं देऊळ आणि शांत घाट पाहताना लक्षात असू द्या, ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे.

मग अडचण काय आहे?

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे. आनंदाचीच गोष्ट. पण ज्या गावांनी किल्ल्यांवरचं राज्य चालवलं, ती घाटांची आणि वाड्यांची गावं अशा कोणत्याही एका नावाखाली येत नाहीत.

यातला पहिला धोका म्हणजे मालकी. किल्ला सरकारचा असतो. वाडा बहुतेकदा खासगी आणि काही पिढ्यांनंतर अनेक वारसांचा. लाकूड, माती आणि चुना यांना दरवर्षी देखभाल लागते. एकाच घरानं तो खर्च किती दिवस करायचा?

दुसरा धोका म्हणजे भोवताल. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पण जे वाडे आणि घाट या यादीत नाहीत, त्यांना हा नियम लागू होत नाही. काठमांडूनं याचा चटका सोसला आहे. देवळं शाबूत होती, पण भोवतालची जुनी घरं पाडून सिमेंटच्या इमारती उठल्या. त्यामुळे २००३ मध्ये ते खोरं ‘धोक्यातल्या वारशा’च्या यादीत गेलं आणि २००७ मध्ये बाहेर आलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात अनेक देवळं कोसळली. पण ती सगळी मिळून एक वारसा म्हणून आधीच नोंदलेली होती, त्यामुळे काय गेलं आणि काय परत उभारायचं, याचा हिशेब निदान मांडता आला.

तिसरा धोका नदीचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. घाट बांधणाऱ्यांनी पूर येणार हे धरूनच बांधलं होतं. वाईच्या गणपतीची भिंत हा त्याचा पुरावा. जुने घाट आणि देवळं पाहणं म्हणजे नदीला किती जागा सोडावी लागते, हे शिकणंही आहे. नदीकाठी आज बांधणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवं.

तीन दिवसांत कसं पाहाल?

पहिला दिवस: वाईचे घाट, ढोल्या गणपती, काशी विश्वेश्वर, मग मेणवली. वेळ उरला तर धोमचं नरसिंह मंदिर. संध्याकाळी साताऱ्यात मुक्काम.

दुसरा दिवस: सकाळी लिंबची विहीर, दुपारी राजवाडा परिसर आणि छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, ऊन उतरल्यावर संगम माहुली.

तिसरा दिवस: सकाळी कऱ्हाडचा प्रीतिसंगम, मग तासगाव, सांगलीचं गणपती मंदिर आणि शेवटी हरिपूरचा घाट.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाटांच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि पाणी अचानक वाढतं, तेव्हा खाली उतरू नका. वाडे खासगी असू शकतात, म्हणून वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्या. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. घाटावर दशक्रिया विधी सुरू असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

आणि प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: हे कुणी बांधलं, पैसा कुठून आला आणि पूर आल्यावर पाणी कुठपर्यंत चढतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा फलकावर मिळतील. तिसऱ्यासाठी घाटावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारावं लागेल.